मेथॅनॉलचा टँकर आत, ओल्या कचऱ्याची गाडी पुढे

मैलापाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत एक साधी काचेची मापनळी असते, एका लिटरची. वायुवीजन टाकीतलं तपकिरी पाणी तिच्यात भरून ती ओट्यावर ठेवायची आणि अर्ध्या तासात गाळ किती खाली बसला ते पाहायचं, हा रोजचा पाठ. आकडा वहीत लिहिला की मापनळी धुऊन टाकतात. माझी जुनी खोड अशी, की ती लगेच धुऊ द्यायची नाही. आणखी तासभर तशीच राहू द्यायची. पुष्कळदा मग गंमत दिसते. तळाशी गुपचूप बसलेल्या गाळात बारीक बुडबुडे धरू लागतात, एखादा गठ्ठा सुटून वर येतो, आणि बघता बघता अख्खा थर वर तरंगायला लागतो. खाली नितळ पाणी, डोक्यावर गाळाची टोपी.

ते बुडबुडे नत्रवायूचे. पाण्यातली हवा संपली की गाळातले जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढून घेतात आणि उरलेला नत्र वायू होऊन उडून जातो. हेच काम त्यांनी आधीच्या टाकीत उरकायला हवं होतं. ते राहिलं, आणि आता मापनळीत (आणि बाहेर, खऱ्याखुऱ्या निवळण टाकीत) ते स्वतःच्या अंगावरची चरबी जाळत रखडत रखडत चाललं आहे. जीवाणू आळशी नव्हते. वेळेवर त्यांच्या पानात काही पडलं नव्हतं, इतकंच.

त्यांच्या पानात काय वाढायचं, हा या सगळ्या विषयाचा गाभा. आज अनेक मोठी केंद्रं त्यासाठी मेथॅनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) विकत घेतात. टँकर येतो, टाकी भरून जातो. त्याच वस्तीतलं उरलेलं अन्न दुसऱ्या गाडीतून केंद्रावरून पुढे जातं आणि क्षेपणभूमीवर सडून मिथेन सोडत बसतं. ही दुसरी गाडी केंद्राच्या फाटकातून आत वळवावी, असं माझं म्हणणं आहे. फाटकातून म्हणतोय मी. स्वयंपाकघरातल्या मोरीतून नव्हे. या दोहोंत फार फरक आहे, त्याकडे येतोच.

आधी एक साहजिक शंका. मैला म्हणजे सेंद्रिय पदार्थच. मग तिथे कर्बाची (कार्बनची), म्हणजे जीवाणूंच्या या खाद्याची, वानवा कशी पडावी? उत्तर क्रमात आहे. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी दाखवलं की हवा देऊन तयार झालेला गाळ फेकून न देता पुन्हा नव्या सांडपाण्यात मिसळला, तर पाणी कितीतरी लवकर शुद्ध होतं. जगातली बहुसंख्य मोठी केंद्रं आजही त्याच कल्पनेवर चालतात. पण त्या काळी डोक्यात होतं ते सेंद्रिय घाण जाळून टाकणं. नत्राचा विचार मागाहून आला, आणि नत्राची मागणी उलटी आहे. अमोनियाचं नायट्रेट करायला भरपूर हवा लागते. एक किलो नत्रामागे सुमारे साडेचार किलो प्राणवायू. नायट्रेटचा नत्रवायू करायला मात्र हवा अजिबात नको, कर्ब हवा. हवा फुंकणारे ब्लोअर घरघरत राहतात, नायट्रेट तयार होतं, आणि तोवर कर्ब जळून गेलेला असतो. पाहुणा येईपर्यंत जेवण संपलेलं.

यावर तोड निघाली ती पंगतीचा क्रम बदलून. १९६२ साली लुडझाक आणि एटिंगर यांनी हवा नसलेली टाकी आधी ठेवली. पुढे दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी सत्तरच्या दशकात नायट्रेटयुक्त पाणी शेवटाकडून पुन्हा पहिल्या टाकीकडे फिरवण्याची पद्धत रुळवली. म्हणजे ताजं सांडपाणी, कर्ब शाबूत असतानाच, नायट्रेटला भेटतं. सुंदर युक्ती. पण ती सांडपाण्यात मुळात जेवढा कर्ब आहे तेवढ्यापुरतीच चालते. प्राथमिक निवळण टाकीत सेंद्रिय भाराचा साधारण तिसरा हिस्सा तळाशी बसून निघून जातो. गळक्या वाहिन्यांतून भूजल आत शिरतं, पाणी पातळ होतं. शिवाय गाळ पचवून त्यातून पिळून काढलेलं पाणी केंद्राच्या तोंडाशी परत येतं. त्यात अमोनिया ठासून भरलेला आणि कर्ब जवळजवळ नाही. एक किलो नायट्रेट-नत्र काढायला व्यवहारात चार ते सहा किलो सीओडी लागतो, तोही जीवाणूंना चटकन पचेल असा. (सीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय द्रव्यं पूर्ण जाळायला किती प्राणवायू लागेल त्याचं माप. जीवाणूंच्या शिध्याचा हिशेब त्यातच मांडतात.) या गुणोत्तरात खोट आली की केंद्रातून बाहेर पडणारं पाणी दिसायला नितळ असतं, आणि नायट्रेट त्यात तसंच राहतं.

त्यानं काय बिघडतं हे थोडक्यात. नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) पिकाला खत, तसंच शेवाळालाही. शेवाळ माजतं, मरतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि मासे गुदमरतात. सिएटलजवळचं वॉशिंग्टन सरोवर साठच्या दशकात शहराचं सांडपाणी दुसरीकडे वळवल्यावर काही वर्षांतच निवळलं. सांडपाण्याचा वाटा केवढा असू शकतो याचा तो धडधडीत पुरावा. दुसरी बाजूही सांगतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे अमेरिकेतल्या टोलेडो शहरात नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं, तिथे मुख्य दोष शेतांतून वाहून आलेल्या स्फुरदाचा होता. मैलापाणी केंद्रं सुधारली की सगळ्या नद्या-तळी स्वच्छ होतील, असं कोणी म्हणू नये. पण शेतातून येणारा स्फुरद हजार वाटांनी येतो. केंद्रातला एका नळातून येतो, आणि त्या नळावर आपला हात आहे.

आता मेथॅनॉल. जीवाणूंना ते आवडतं, शुद्ध असतं, मोजून घालता येतं. वाईट एवढंच की ते बहुतांशी नैसर्गिक वायूपासून बनतं, विषारी आहे, पेट घेतं, आणि ते खाणाऱ्या खास जीवाणूंची फौज उभी राहायला काही आठवडे जातात. मला मात्र वेगळीच गोष्ट खटकते. हवेतला नत्र खतात बांधायला आपण कारखान्यात प्रचंड ऊर्जा खर्च करतो. ते खत पिकात, पीक अन्नात, अन्न पोटात, तिथून गटारात. आणि मग तोच नत्र पुन्हा हवेत सोडायला आणखी इंधन ओततो. त्या अन्नातला जो भाग पोटापर्यंत पोचलाच नाही, त्यातला कर्ब मात्र कचरा म्हणून बाजूला टाकतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा अंदाज असा, की २०२२ मध्ये घरं, खानावळी आणि दुकानं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. घरातल्या घरात माणशी वर्षाला ७९ किलो.

हे पुरेल का, याचा कच्चा हिशेब मी पाकिटाच्या पाठीवर मांडून पाहिला. रोज १० कोटी लिटर सांडपाणी घेणारं केंद्र धरा. माणशी १७० लिटर पकडलं तर सुमारे ६ लाख वस्ती. बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं नायट्रेट-नत्र लिटरमागे आणखी १० मिलिग्रॅमनं उतरवायचं आहे. म्हणजे रोजचा १,००० किलो नत्र. मेथॅनॉलनं केलं तर रोज अडीच ते तीन टन. अन्नकचऱ्यानं केलं तर ५ टन सीओडी हवा. एक टन ओल्या अन्नकचऱ्यात पाऊण टन पाणीच असतं. कोरड्या पाव टनात साधारण ३०० किलो सीओडी, आणि आंबवून त्यातला निम्मा द्रवात उतरला असं समजू. म्हणजे रोज ३० ते ३५ टन कचरा. त्या ६ लाख लोकांच्या घरातून वर दिलेल्या सरासरीनं रोज सुमारे १३० टन अन्न वाया जातं. एक चतुर्थांश पुरे! उरलेल्याचं खत करा, गॅस करा, किंवा मुळात वाया घालवू नका. हा शेवटचा पर्याय सगळ्यांत चांगला, आणि तो यशस्वी झाला तरी या योजनेचं पोट भरेल एवढं उरेलच. देठं, साली, बिया कोणी खात नाही.

पण कचरा तसाच टाकीत ओतून चालत नाही. इथे आंबवणं येतं, आणि या विषयातली खरी कारागिरीही इथेच आहे.

उरलेलं अन्न वाटून झाकणबंद बादलीत ठेवलंत तर पहिल्या दिवशी आंबूस वास येतो, ताकासारखा. तो लॅक्टिक आम्लाचा. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडलंत तर नाकात तिखट शिरकेदार झणका बसतो, ॲसिटिक आम्ल. त्यामागून खवट लोण्यासारखा, चेहरा वाकडा करायला लावणारा वास, म्हणजे ब्युटिरिक. शेजाऱ्यांना नकोशी अशी ही बादली जीवाणूंच्या लेखी मेजवानी आहे. पिष्ट, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ यांच्या लांबलचक साखळ्या तुटून छोटी, विरघळणारी आम्लं झालेली असतात. ती त्यांना चावावी लागत नाहीत. केंद्रात हेच बंद टाकीत करायचं. कचऱ्यातलं प्लास्टिक, हाडं, चमचे वेगळे काढून तो दळायचा, दोन ते चार दिवस आंबवायचा, आणि योग्य वेळी थांबायचं. अधिक थांबलं तर मिथेन करणारे जीवाणू जोर धरतात आणि कमावलेला कर्ब वायू होऊन हातचा जातो. टाकीचा मुक्काम छोटा ठेवला आणि आम्लता राखली, की ते मंदगती जीवाणू रुजतच नाहीत. मग द्रव गाळून वेगळा करायचा आणि हवा नसलेल्या टाकीत थोडा थोडा सोडायचा.

थांबण्याची वेळ आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. अन्नात नत्रही असतो. वरच्या हिशेबातल्या ३३ टनांत कोरडा भाग आठ टनांच्या आसपास, आणि त्यात सुमारे २०० किलो नत्र. आंबवण लांबली की प्रथिनं फुटून तो अमोनिया बनून द्रवात उतरतो. १,००० किलो काढायला गेलो आणि २०० घेऊन आलो, असं व्हायला नको. छोट्या मुक्कामात त्यातला बराचसा चोथ्यात राहतो. म्हणूनच सीओडी किती निघाला एवढंच पाहणाऱ्या अहवालांवर माझा विश्वास बसत नाही; त्याच्या शेजारच्या रकान्यात अमोनिया हवा.

स्फुरदाच्या बाबतीत तर ही आम्लं मेथॅनॉलहून सरस ठरतात. १९५९ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत श्रीनाथ, शास्त्री आणि पिल्लई यांनी नोंदवलं की जिवंत गाळ हवा दिल्यावर स्फुरद झपाट्यानं शोषून घेतो. त्याचं कोडं नंतर उलगडलं. गाळात काही जीवाणू कंजूष सावकारासारखे असतात. हवा आणि नायट्रेट दोन्ही नसलेल्या टाकीत ते आपल्याकडचा साठवलेला स्फुरद पाण्यात सोडतात आणि त्यातून मिळालेल्या शक्तीवर ॲसिटिक, प्रोपिऑनिक ही आम्लं आत ओढून घेतात. नवख्या माणसाला इथे धक्का बसतो, कारण पाण्यातला स्फुरद आधी वाढतो. पुढच्या टाकीत हवा लागली की तीच साठवण जाळून ते स्फुरद परत उचलतात, सोडला होता त्याहून पुष्कळ जास्त. जादा गाळ बाहेर काढला की स्फुरद त्याच्याबरोबर गेला. या व्यवहाराचं चलन म्हणजे ती आम्लं. एक किलो स्फुरद काढायला साधारण ७ ते १० किलो. मेथॅनॉल इथे थेट चालत नाही. आम्लं कमी पडली तर लोखंडाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार ओतावे लागतात, आणि मग रासायनिक गाळाचा नवा ढीग तयार होतो.

आता मोरीतला प्रश्न. सिंकखाली कचरा दळणारं यंत्र बसवलं की अन्न आपोआप केंद्रापर्यंत वाहत जाईल, गाडीही नको आणि बादलीही नको, असा युक्तिवाद होतो. तो अगदी पोकळ नाही. स्वीडनमधल्या सुराहामार या छोट्या गावात नव्वदच्या दशकापासून अशी यंत्रं मोठ्या प्रमाणावर बसवली गेली आणि वाहिन्या काही तुंबून पडल्या नाहीत. न्यूयॉर्कनं बराच काळ घातलेली बंदी १९९७ मध्ये उठवली. तरीही माझा कौल विरुद्धच आहे. दळलेलं अन्न केंद्राला हवं तेव्हा येत नाही, लोक जेवून उठतात तेव्हा येतं. त्यातलं बरंच प्राथमिक टाकीत तळाला जातं, बाकीचं ब्लोअरपुढे जळतं. नायट्रेटच्या वाट्याला किती येईल यावर कोणाचाच ताबा नाही. वाहिनी लांब आणि उतार मंद असेल तर ते वाटेतच आंबतं, हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि काँक्रीट खातो. चरबी भिंतींना धरते. आणि पावसाचं पाणी व मैला एकाच वाहिनीतून नेणाऱ्या शहरांत जोराच्या सरीला वाहिनी ओसंडली, की ते दळण थेट नदीत. गाडीनं आलेला कचरा निदान तोलता येतो, तपासता येतो, परत पाठवता येतो.

अधिक वजनदार आक्षेप बायोगॅसवाल्यांचा आहे. अन्नकचरा गाळासोबत पचवून वीज करावी, हे कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ईस्ट बे जलसंस्थेनं या शतकाच्या सुरुवातीपासून करून दाखवलं आहे. वीज दिसते, मोजता येते, विकता येते. नायट्रेट न सोडल्याचं कौतुक कोण करतो? पण पाचकातून (गाळ पचवणाऱ्या बंद टाकीतून) पिळलेल्या त्या अमोनियायुक्त पाण्याची आठवण ठेवा. अन्न पाचकात घातलं की त्यातला कर्ब गॅस होऊन जातो आणि नत्र पाण्यातून केंद्राच्या तोंडाशी परत येतो. म्हणजे ज्याची टंचाई तेच उडवलं आणि ज्याचा सुकाळ त्यात भर घातली. मी म्हणतो, भांडण लावायचं कारण नाही. आधी आंबवा, द्रव नत्र-स्फुरदासाठी वापरा, चोथा पाचकात घाला. गॅस थोडा कमी मिळेल. मेथॅनॉलचा टँकर येणार नाही, ते त्याच्या समोर मांडा.

अनामॉक्स जीवाणूंचं नावही इथे निघतं. नव्वदच्या दशकात डेल्फ्टमध्ये त्यांचा शोध लागला, २००२ मध्ये रॉटरडॅमच्या डोकहावन केंद्रात मोठी टाकी सुरू झाली. ते अमोनिया आणि नायट्राइट यांचाच नत्रवायू करतात, कर्ब लागतच नाही. पाचकाच्या उबदार, दाट पाण्यासाठी त्यांना तोड नाही, तिथे ते जरूर बसवावेत. मुख्य प्रवाहाच्या पातळ, गार पाण्यात मात्र त्यांना टिकवणं अवघड जातं, आणि स्फुरदाशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

कर्ब आखडता घेण्याचा एक छुपा दंडही आहे. नायट्रेटपासून नत्रवायूपर्यंतच्या वाटेत नायट्रस ऑक्साइडचा टप्पा येतो. कर्ब अपुरा पडला तर जीवाणू तिथेच थबकू शकतात आणि तो वायू हवेत निसटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापदायक आहे. कर्बाची काटकसर केली म्हणून पाठ थोपटून घेणाऱ्या केंद्राच्या टाकीवर त्या वायूचं माप लावून बघावं.

इतकं सगळं जुळत असताना हे सर्रास होत का नाही? जीवशास्त्र अडत नाही. मीठ, तेल, प्लास्टिकचे तुकडे, आज एक आणि उद्या दुसरंच अशी कचऱ्याची लहर, या अडचणी खऱ्या आहेत. पण बाजार, मोठी भोजनगृहं, अन्नप्रक्रिया कारखाने अशा ठोक आणि एकजिनसी जागांपासून सुरुवात केली तर त्या आटोक्यात राहतात. अडतं ते खातेवाटपात. घनकचरा एका खात्याचा, मैलापाणी दुसऱ्याचं. कचरा खात्याला टनामागे विल्हेवाट दाखवायची असते, नायट्रेटशी त्याला कर्तव्य नाही. मैलापाणी केंद्राच्या परवान्यात बाहेरचा कचरा आत घेणं पुष्कळदा बसतच नाही. वर्गीकरणाचा खर्च एकाच्या माथी आणि मेथॅनॉलची बचत दुसऱ्याच्या खिशात, तर पहिला का हलेल?

नियम बदलायचा तर नेमका काय, तेही सांगतो. आंबवलेल्या द्रवाला कचरा न म्हणता प्रक्रियेचा माल म्हणून मान्यता द्या आणि त्याला कसोट्या लावा: सीओडी, अमोनिया, क्षार, तेल. तो टाकीत सोडणारा पंप नायट्रेटच्या संवेदकाला जोडा, घड्याळाला नको. मेथॅनॉलची टाकी मोडू नका, अडीअडचणीला राहू द्या. आणि ठेकेदाराला पैसे बाहेर जाणाऱ्या पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर द्या, आत घेतलेल्या टनांवर कधीच नाही. टनांवर दिलेत तर दोन वर्षांत केंद्राची क्षेपणभूमी होईल, आणि मग या कल्पनेचं नाव काढायची सोय उरणार नाही.

सुरुवात करायला फार काही लागत नाही. त्याच मापनळ्या दोन घ्या. दोन्हींत सारखाच गाळ, सारखंच नायट्रेट, वर झाकण. एकीत आंबवलेल्या द्रवाचे मोजून काही थेंब. तासाभरानं दोन्हींत नायट्रेटची पट्टी बुडवा आणि रंग शेजारी शेजारी धरा. एका केंद्रात मी हे करून दाखवलं तेव्हा पाळीवरच्या ऑपरेटरनं दोन्ही पट्ट्या खिडकीपाशी नेऊन निरखल्या, फिकी पट्टी कोणत्या मापनळीतली ते पुन्हा विचारून घेतलं. मग फाटकावरची नोंदवही आणून माझ्यापुढे ठेवली. आत येणाऱ्या मालाचे रकाने होते: क्लोरीन, पॉलिमर, मेथॅनॉल, डिझेल. "साहेब, हे मी कशात लिहू?" त्यानं विचारलं.